बसलेले पाटे आणि वाटेवरची पेटी



बेळगावच्या बाजारातून भाजीपाला भरून पहाटे गोव्याकडे निघालेली एखादी लहान मालवाहू गाडी आपण कधी पाठीमागून निरखून पाहिली आहे काय? जांबोटी मागे टाकून ती कणकुंबीच्या वाटेला लागली आणि चढ आला, की तिचे तोंड वर होते व पाठ जमिनीकडे झुकते. यात नवल नाही. चढावर कोणतीही गाडी तशीच दिसणार. परंतु हीच गाडी सपाट जागी, रिकामी, झाडाच्या सावलीत उभी असतानाही मागे बसलेली दिसत असेल, तर पाहणारा जाणता मनुष्य म्हणतो, ‘पाटे बसले.’ हे दोन शब्द आपल्या चालकांच्या तोंडी इतके रुळले आहेत, की त्यांचा उच्चार झाला म्हणजे रोगाचे निदान झाले आणि औषधही ठरले, असे सर्वांस वाटते. औषध एकच. आणखी एक पाटा वाढवायचा.

आज मला या दोन शब्दांविषयी बोलायचे आहे आणि त्याचबरोबर, अडीअडचणीला उपयोगी पडाव्यात म्हणून गाडीत बाळगलेल्या सुट्या भागांच्या पेटीविषयीही. या दोहोंचे नाते काय, ते ओघाने येईलच.

मी आयुष्यभर तंत्रशाळेत शिकवले. गाडी चालवून पोट भरण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. पण माझ्या धाकट्या भावाचा संसार अशाच एका गाडीवर उभा राहिला, आणि फळ्यावर शिकवलेल्या गोष्टी रस्त्यावर किती महाग पडतात हे मला त्याच्यामुळे समजले. त्याची गाडी दुसऱ्याच वर्षी मागे बसली. रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले. गाडी ताठ उभी राहिली. ‘दादा, आता कितीही भर, हू की चू करत नाही,’ असे त्याने मला मोठ्या आनंदाने सांगितले. पुढे श्रावणात, म्हापशाला माल उतरवून रिकाम्या करंड्या घेऊन परत येताना, चोर्ला घाटातल्या एका ओल्या वळणावर गाडीची पाठ उसळली, चाके जागा सोडून बाहेरच्या अंगाला गेली आणि कठड्याला टेकून गाडी थांबली. करंड्या दरीत गेल्या, माणूस राहिला. वेग फार नव्हता, ब्रेक शाबूत होते, टायर नवे होते. मग झाले काय?

ते समजण्यासाठी प्रथम या कमानीची घडण पाहू. बोलण्यात आपण सर्व मिळून ‘पाटे’ म्हणतो; आज मी एकेका पट्टीला पाटा म्हणेन आणि सगळ्या पट्ट्यांच्या जुडग्याला कमान. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला खिळीने अडकवलेला असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या पट्ट्यांत असतो, कारण कमान दाबली म्हणजे सरळ होते आणि सरळ झाली म्हणजे लांबते, त्या लांबण्याला मोकळीक हवी. मुख्य पाट्याच्या जोडीला क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात. सर्वांच्या मधोमध एक भोक, त्यातून सेंटर बोल्ट. आणि ही सारी जुडी यू-बोल्टांनी मागच्या आसाला जखडलेली. म्हणजे कमान केवळ भार पेलत नाही; आस आपल्या जागी धरून ठेवण्याचे कामही तीच करते. ही दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. सेंटर बोल्ट तुटला आणि यू-बोल्ट सैल असले, तर आस एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालू लागते.

जितका भार, तितका दाब, हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. दुप्पट ओझे ठेवा, कमान दुप्पट खाली येईल. पण एका ठराविक ओझ्याला ती किती खाली येणार, म्हणजे तिचा ताठपणा किती, हे कशावर ठरते? पाट्यांची संख्या आणि रुंदी यांच्या प्रमाणात तो वाढतो. लांबी वाढली की झपाट्याने कमी होतो. आणि सर्वांत मोठा अधिकार जाडीचा. जाडीच्या घनाच्या प्रमाणात ताठपणा बदलतो. ८ मिलिमीटर जाडीचा पाटा गंजून, घासून ७ मिलिमीटर झाला, तर आपल्याला वाटेल की आठवा हिस्सा गेला. गेला मात्र जवळजवळ तिसरा हिस्सा. खाऱ्या हवेत आणि लाल चिखलात वर्षानुवर्षे राबणाऱ्या गोव्याकडच्या गाड्यांनी ही गोष्ट विसरू नये. दोन पाट्यांच्या मध्ये जो गंज बसतो तो बाहेरून दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. गाडी मागे बसण्याचे प्रकार एक नव्हे, निदान तीन आहेत, आणि तिन्हींना लोक एकच नाव देतात.

पहिल्या प्रकारात पाट्याचा बाक गेलेला असतो, ताठपणा मात्र शाबूत असतो. पोलाद त्याच्या मर्यादेपलीकडे पुनःपुन्हा दाबले गेले की ते पूर्वस्थितीला येत नाही. थोडे वाकलेलेच राहते. पण म्हणून ते मऊ झाले असे नव्हे. पोलादाची मूळची लवचिकता इतक्या सहज बदलत नाही. अशी गाडी रिकामी असताना खाली दिसते. पण त्याच ओझ्याने ती नवी गाडी जितकी दबेल तितकीच दबते. दुसऱ्या प्रकारात एखादा पाटा तुटलेला किंवा गंजाने बारीक झालेला असतो. तेथे ताठपणाच कमी झालेला असतो आणि ओझे चढवताच गाडी प्रमाणाबाहेर खाली येते. तिसऱ्या प्रकारात कमानीला काहीच झालेले नसते. माल जास्त असतो. आमच्या भागातील एका वृद्ध मिस्त्रींनी मला हे सारे एका वाक्यात सांगितले होते. ‘मास्तर, पाटा बसलाय की बसवलाय, ते आधी बघा.’

आणि पाहणे कठीण नाही. एक मोजपट्टी पुरे. गाडी सपाट जागेवर, रिकामी उभी करावी, आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजू नये. तसे केल्यास टायरमधील हवेचा फरक कमानीच्या माथी येतो. दोन्ही बाजू मोजाव्यात. मग त्याच बनावटीची एखादी नवी गाडी शोधून तिचेही माप घ्यावे. यानंतर सिमेंटच्या ५० किलोच्या १० गोण्या बरोबर मागच्या आसाच्या माथ्यावर रचून पुन्हा मोजावे. समजा, नव्या गाडीचे रिकामे अंतर ५० सेंटिमीटर आहे आणि गोण्यांनी ते ४५ वर आले. आपली गाडी रिकामी ४६ आणि भरून ४१ असेल, तर दोन्ही गाड्या ५ सेंटिमीटरच दबल्या. म्हणजे ताठपणा जागेवर आहे, बाक तेवढा गेला आहे. आपली गाडी ४८ वरून एकदम ४० वर आली, तर आत कुठेतरी पाटा तुटला आहे किंवा झिजला आहे. आणि दोन्ही मापे नव्या गाडीशी जुळली, तर मिस्त्रीकडे जाण्याचे कारण नाही, वजनकाट्याकडे जावे. इंदूर-ग्वाल्हेरकडील श्रोते ज्याला धरमकाटा म्हणतात, तोच हा. तेथे सबंध गाडीचे वजन करावेच, पण नुसती मागची चाके काट्यावर उभी करून मागच्या आसावरचा भारही निराळा मोजून घ्यावा. भाजीपाल्याच्या धंद्यात करंड्या मोजून भरतात, वजन करून नव्हे. आणि रात्रभर पावसात भिजलेली कोथिंबीर कोरड्या कोथिंबिरीच्या वजनाची नसते.

एकच बाजू बसली असेल, तर कारणही एकांगी असते. त्या बाजूचा पाटा तुटलेला, शॅकलचे बुश झिजलेले, किंवा माल भरणाऱ्याची नेहमीची सवय. आमच्या भावाचा हमाल जड पोती नेहमी डावीकडे लावी, कारण बाजारात गाडी भिंतीला लागून उभी राही आणि डावे फळके तेवढे उघडे. सहा महिन्यांत डावी बाजू दोन बोटे खाली गेली.

आता आपण त्या वाढवलेल्या पाट्यांकडे वळू. भावाच्या गाडीला झालेला रोग पहिल्या प्रकारचा होता, बाक गेल्याचा. दिलेले औषध ताठपणा वाढवण्याचे होते. त्यामुळे भरलेली गाडी उंच राहू लागली, हे खरे. परंतु रिकामी असताना ती कमान इतकी कठीण झाली, की हलक्या पाठीच्या वजनाने ती दबेचना. खड्डा आला की चाक वर जाण्याऐवजी सगळी गाडीच वर फेकली जाई, आणि चाक जमिनीवर परत येईपर्यंत ते हवेत. हवेतले चाक ना गाडी धरते ना ब्रेक. ओल्या वळणावर जे घडले ते हेच.

याहून एक सूक्ष्म दोष आहे, आणि तो भरलेल्या गाडीला बाधतो. पुष्कळशा मालवाहू गाड्यांच्या मागच्या आसाजवळ एक झडप असते. तिचा एक दांडा आसाला जोडलेला असतो. गाडी किती खाली बसली आहे हे त्या दांड्याच्या कोनावरून ती झडप ओळखते आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला दाब सोडते. भार अधिक तर दाब अधिक. आपण पाटे वाढवून गाडी उंच केली, की या झडपेला गाडी सदैव रिकामीच भासते. मग दीड टन माल भरलेली गाडी घाट उतरू लागली तरी मागचे ब्रेक हात राखून काम करतात आणि सारा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. ते तापतात, आणि तापले की त्यांची पकड जाते. उलट, नुसत्याच बसलेल्या गाडीत ही झडप रिकाम्या गाडीला भरलेली समजते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होतात. म्हणून कमानीला हात लावला की या दांड्याची जुळणी उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणे पुन्हा करावीच लागते. हे काम बहुधा कोणी करीत नाही, कारण ते न केल्याने गाडी चालू होण्याचे थांबत नाही.

आणखी एक चूक पाटा निवडण्यात होते. नीट घडवलेल्या कमानीतील पाट्यांचा बाक सारखा नसतो; आखूड पाट्यांना थोडा अधिक बाक दिलेला असतो. सेंटर बोल्ट आवळून ते एकत्र बांधले, की आखूड पाटे मुख्य पाट्याला आधीच उलट दिशेने ताणून धरतात आणि भार आल्यावर मुख्य पाट्याच्या वाट्याचा ताण काहीसा हलका होतो. भंगार बाजारातून आणलेला, भलत्याच बाकाचा, भलत्याच जाडीचा पाटा मध्ये घातला, तर ही वाटणी बिघडते. सारखीच वाकवली असता जाड पट्टी बारीक पट्टीपेक्षा अधिक ताण सोसते; म्हणूनच एका जाड फळीऐवजी अनेक पातळ पाटे वापरण्याची पद्धत पडली. मध्येच घुसवलेला जाड पाटा सर्वांच्या आधी तुटतो. अलीकडच्या काही गाड्यांत दोन-तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होत गेलेले. ते एकमेकांस मध्यभागी आणि टोकांशीच टेकतात. अशा कमानीत साधा सपाट पाटा घालणे म्हणजे तिचा घाटच मोडणे होय.

मग योग्य उपाय कोणता? बाक गेला असेल तर बाक परत द्यावा. दोन्ही बाजूंच्या कमानी उतरवाव्यात. एकच बाजू दुरुस्त केलेली गाडी सरळ राहत नाही. प्रत्येक पाटा सुटा करून तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावा. भेग पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. पाट्याला रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसावे आणि खडूची पूड चोळावी. भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि यू-बोल्टांच्या कडेशी विशेष पाहावे, कारण पाटे तेथेच तुटतात. अखंड पाटे कसबी लोहाराकडून थंड अवस्थेतच ऐरणीवर ठोकून वाकवून घ्यावेत. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवणे हा सोपा मार्ग दिसतो, पण तो घातक आहे. कमानीचे पोलाद कारखान्यात तापवून तेलात विझवलेले आणि नंतर पुन्हा मोजक्या आंचेवर पाणी उतरवलेले असते; ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना जवळच्या मालनपूरला अशा कमानी घडवल्या जातात हे ठाऊक असेल. ज्योतीखाली ते पाणी जाते, आणि तेवढाच तुकडा मऊ पडतो. त्यावर कोणी बादलीतले पाणी ओतले तर तोच काचेसारखा ठिसूळ होतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणे त्याच जातीचे. डाग टिकतो, त्याच्या शेजारचे पोलाद टिकत नाही.

थंड ठोकून दिलेला बाक नव्या पाट्याइतका काळ टिकत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाटे गंजून बारीक झाले असतील, किंवा एकदा बाक दिलेली कमान पुन्हा बसली असेल, तर नवी जोडी घ्यावी. त्या वेळी बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही नवे घ्यावेत. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात. ते आवळल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत. बसवताना आळीपाळीने, कर्णरेषेत आवळावेत. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाना लावावा, कारण पाटे एकमेकांवर बसून जुडी किंचित पातळ होते. रबरी बुशांच्या खिळ्या मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटच्या आवळाव्यात. गाडी उचललेली असताना त्या आवळल्या, तर खाली उतरताच रबराला कायमची पीळ पडते.

काहींचा धंदाच असा असतो की जाताना पूर्ण भार आणि येताना रिकामे. त्यांनी हेल्परचा विचार करावा. मुख्य कमान बऱ्यापैकी दबल्यावरच जी कामाला लागते अशी ही मदतनीस कमान; रिकाम्या गाडीला तिचा उपद्रव नसतो. आस आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी उंच करण्याचीही चाल आहे. त्याने उंची वाढते, बळ तसूभरही वाढत नाही, आणि गिअर टाकून जोर लावताना आस अधिक पिरगळतो. माझ्या मते ती निव्वळ डोळ्यांची समजूत आहे.

आणि कोणताही उपाय केला तरी एक आकडा बदलत नाही. तो आरसी पुस्तकात छापलेला असतो: भारासह एकूण वजन. कमान ही भाराच्या साखळीतली एक कडी आहे. आस, बेअरिंगे, रिम, टायर, ब्रेक आणि चासी या बाकीच्या कड्या आहेत तेवढ्याच राहतात. सरकारने जुलै २०१८ मध्ये मोठ्या मालमोटारींच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले. परंतु त्याचा अर्थ आपल्या लहान गाडीची मर्यादा वाढली असा करणारे लोक मला भेटले आहेत. जादा भाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. एका दंडात नव्या कमानींची जोडी आली असती, असा हिशेब माझ्या भावाने एका कटू दिवशी मांडला होता.

आता ती पेटी. भावाच्या गाडीचे निदान करताना मी सहज मागच्या फळक्याशी ठेवलेली लोखंडी पेटी उचलू गेलो, आणि ती हलेना. तोलून पाहिली तर ९० किलो. तिच्यात काय नव्हते? जुना डायनॅमो, दोन गंजलेले पाटे, एक फुटका वॉटर पंप, ‘पुढे-मागे उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेला क्लच, निरनिराळ्या गाड्यांचे नट, आणि पाण्याचा २० लिटरचा डबा. ही पेटी कायम मागच्या आसाच्याही मागे, सुमारे एक मीटरवर. येथे तराजूचा न्याय लागू होतो. दोन्ही आसांमधील अंतर ३ मीटर धरले, तर आसामागे एक मीटरवर ठेवलेले ९० किलो मागच्या आसावर ९० नव्हे, १२० किलो होऊन बसतात. आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो उचलले जातात. तीच पेटी केबिनच्या पाठीशी, मागच्या आसाच्या २.४ मीटर पुढे ठेवली, तर मागे फक्त १८ किलो येतात. पेटी तीच, वजन तेच. एका जागी ती दिवसरात्र कमान दाबते, दुसऱ्या जागी तिची आठवणही कमानीला राहत नाही. सुट्या भागांचे आणि बसलेल्या पाट्यांचे नाते ते हे.

पेटीत काय असावे, यासाठी मी एकच कसोटी लावतो. रस्त्याच्या कडेला, बरोबर असलेल्या हत्यारांनी, दोन माणसांना जे बसवता येईल तेवढेच बाळगावे. क्लच घाटात बसवता येत नाही. मग तो घाटातून फिरवावा कशाला? उलट फॅन बेल्ट, रेडिएटरची रबरी नळी व तिच्या पट्ट्या, फ्यूज, दिव्यांचे बल्ब, डिझेलचा फिल्टर, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, इंजिन ऑइल, वायर आणि चिकटपट्टी, चाकाचे चार नट ही सारी मिळून काही किलोंच्या आत येतात, आणि गाडी थांबवणाऱ्या किरकोळ कारणांपैकी बरीचशी त्यांत मिटतात. कमानीपुरते म्हणाल तर दोन सेंटर बोल्ट, यू-बोल्टांची एक जोडी नटांसह, आणि त्यांना नेमका बसणारा पाना. पाना नसलेला बोल्ट म्हणजे नुसते ओझे. याशिवाय सागाचे किंवा बाभळीचे दोन जाड ठोकळे, हातभर लांबीची एक फळी, आणि तीन-चार मीटर साखळी. यांचे काम पुढे सांगतो.

जॅक भरलेल्या गाडीचा आस उचलील इतक्या ताकदीचा हवा. गाडीबरोबर मिळालेला जॅक पुष्कळदा भावाच्या पेटीत सापडला तसा सापडतो, तेल गळून कोरडा. दर महिन्याला एकदा तो वर-खाली करून पाहावा. पावसाळ्यात मातीत तो रुततो. ती फळी त्याच्या पायाखाली घालण्यासाठी.

आणि स्टेपनी. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की तो मराठी नाही हे सांगावे लागते. वेल्स देशातील लॅनेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तेथे डेव्हिस नावाच्या बंधूंनी मोटारीच्या फुटक्या चाकावर बसवायचे जादा चाक तयार केले, आणि रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले. त्या देशातील लोक तो शब्द केव्हाच विसरले. आपल्याकडे तो पंक्चरवाल्याच्या पाटीवर अजून नांदतो आहे. भारतात २०२० पासून काही लहान प्रवासी गाड्यांना, ट्यूबविरहित टायर व हवेचा दाब सांगणारे यंत्र असल्यास, स्टेपनीशिवाय धावण्याची मोकळीक मिळाली आहे. मालवाहू गाडीने तिचा हेवा करू नये. मात्र तिची स्टेपनी गाडीखाली लटकत राहते, धूळ-चिखल खाते, आणि गरज पडेल त्या दिवशी तिच्यात हवा नसते. चाकांची हवा पाहताना पाचव्या चाकाचीही पाहावी, आणि ती उतरवण्याची साखळी गंजून धरली नाही ना, हे वर्षातून दोनदा स्वतः उतरवून पाहावे.

भावाच्या पेटीचे वजन आम्ही ९० वरून ३५ किलोवर आणले, ती केबिनच्या पाठीशी बोल्टने पक्की केली, वाढवलेले पाटे काढले आणि कमानींची नवी जोडी बसवली. झडपेचा दांडा जुळवला. दिव्यांचे झोतही पुन्हा खाली आणावे लागले, कारण बसलेल्या गाडीसाठी कोणीतरी ते आधीच फिरवून ठेवले होते.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, भरल्या गाडीने कणकुंबीच्या अलीकडे एका खचलेल्या मोरीवर उजव्या बाजूचा मुख्य पाटा तुटला. रात्रीचे दोन वाजले होते. भावाने प्रथम त्रिकोणी तबकडी मागे दूरवर ठेवली, चाकांना दगड लावले आणि बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिले, पाटा आसाच्या पुढच्या अंगाला तुटला की मागच्या. या प्रश्नावरच पुढचे सारे अवलंबून असते. पुढच्या अंगाला, डोळ्याजवळ तुटला असेल तर आसाला धरणारे काही उरत नाही. अशी गाडी जागची हलवू नये, मदत येईपर्यंत बसून राहावे. काही गाड्यांत दुसऱ्या पाट्याचे टोक मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती वळवून घेतलेले असते, तेथे थोडा आधार राहतो. तरीही भरवसा ठेवू नये. सुदैवाने पाटा मागच्या अंगाला तुटला होता. भावाने ओळखीच्या दुसऱ्या गाडीला थांबवून माल तिच्यात चढवला. मग जॅक फळीवर उभा करून चासी उचलली, आस आणि चासी यांच्यामध्ये बाभळीचा ठोकळा बसवला, साखळीने आस, ठोकळा व चासी एकत्र आवळून बांधली, आणि मागे लोंबणारे पाट्याचे टोक तारेने जखडले. पुढे चालण्याच्या वेगाहून थोड्या अधिक वेगाने, दर दोन मैलांवर उतरून साखळी हाताने चाचपीत, तो जांबोटीपर्यंत आला आणि उजाडण्याची वाट पाहत थांबला. माल म्हापशाला वेळेवर पोचला होता. त्या ठोकळ्यावर आसाची खूण उमटली आहे. तो अजून पेटीत आहे.